दिनविशेष : ७ जुलै
‘हम लोग’ सुरू

१९८४ मध्ये आजच्या दिवशी दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार होतो, हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना वसंत साठे यांनी पाहिले, कल्पना तिथली. लेखक मनोहर श्याम जोशींनी एक निम्न मध्यमवर्गीय कुटुंब उभे केले. सुरुवातीचा उपदेश लोकांना रुचेना. तो आवरता घेतला, तेव्हा कुठे मालिकेने पकड घेतली. भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार गप्पा मारल्यासारखे दोन शब्द बोलत. गंमत अशी, की मालिकेतल्या सोशिक आईची, भागवंतीची गत पाहून स्त्रियांनी शहाणे व्हावे, हा हेतू. अनेकींना मात्र तीच आदर्श वाटली! प्रायोजक मॅगीचे नूडल्स तेवढे बिनचूक स्वयंपाकघरात पोहोचले.