मातीच्या लहान धरणांचे धोका-वर्गीकरण

मातीच्या लहान धरणांचे धोका-वर्गीकरण म्हणजे धरण फुटल्यास खालच्या अंगास होऊ शकणाऱ्या हानीनुसार केलेली त्यांची वर्गवारी होय. धरणाची बांधणी किती भक्कम आहे, याचा विचार या वर्गवारीत होत नाही. तो सुस्थितीच्या तपासणीचा विषय आहे. त्यामुळे उत्तम स्थितीतील धरणही अधिक धोक्याच्या वर्गात मोडू शकते.

वर्ग
अनेक देशांत तीन वर्ग मानले जातात. मनुष्यहानीची शक्यता नसून नुकसान मुख्यतः मालकाच्याच जमिनीपुरते राहणार असेल, तर धोका कमी. मनुष्यहानी संभवत नसली तरी रस्ते, शेती वा सार्वजनिक सोयींची मोठी हानी होणार असेल, तर मध्यम. आणि मनुष्यहानी संभवत असेल, तर अधिक मानला जातो. खालच्या अंगास नवी घरे झाल्यास, धरणात कोणताही बदल न होताही वर्ग बदलतो.

फुटण्याची कारणे
सांडवा अपुरा किंवा तुंबलेला असल्यास पाणी माथ्यावरून वाहून भराव धुपतो. भरावातून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर मातीचे कण वाहू लागल्यास आत पोकळी निर्माण होते. गढूळ पाझर हे त्याचे लक्षण होय. खेकडे व घुशींची बिळे आणि झाडांची कुजलेली मुळे पाण्यास वाट देतात. उतार घसरणे हेही एक कारण आहे.

कायदेशीर स्थिती
धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना, तसेच लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर यांसारखी एखादी अट पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. अशा धरणांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करणे बंधनकारक आहे. १० मीटरपर्यंत उंचीचे खाजगी बांध मात्र या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांच्या खाली वस्ती असली, तरी यात फरक पडत नाही.

कोकणातील संदर्भ
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात धामापूर येथे मातीच्या बांधाने अडवलेला तलाव आहे. तो १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधला असे मानले जाते. सिंचन व जलनिस्सारणविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये त्यास जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. योग्य देखभाल झाल्यास मातीचा बांध शतकानुशतके टिकू शकतो, हे त्यावरून दिसते.

याउलट, शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे (ता. चिपळूण) येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. भेंदवाडीतील घरे वाहून गेली व सुमारे वीस जणांचा मृत्यू झाला. हे धरण शासकीय होते. गळतीबाबत ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या.

कोकणात बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि वाड्या अनेकदा वहाळांच्या काठी असतात. त्यामुळे अल्प साठ्याचा बांध फुटल्यासही सावरण्यास वेळ मिळत नाही.

मालकाने घ्यावयाची काळजी
पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा करणे, माथ्यावरील खोलगट भाग भरून काढणे, भरावावर झाडे वाढू न देणे, बिळे बुजवणे आणि पाझराचे प्रमाण व रंग यांची नोंद ठेवणे आवश्यक असते. पाझर अचानक वाढल्यास किंवा गढूळ झाल्यास साठा सावकाश कमी करून खालच्या वस्तीस व तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे लागते.