यकृतरोगांची नकारार्थी नावे

'कावीळ' हे नाव लक्षण सांगते. कारण सांगत नाही. शास्त्रीय परिभाषेचीही गती दीर्घकाळ अशीच होती. १९७५ च्या सुमारास रक्तसंक्रमणानंतर होणाऱ्या एका यकृतदाहास 'ए नव्हे, बी नव्हे' एवढेच नाव मिळाले. १९८९ मध्ये हौटन व सहकाऱ्यांनी त्याचा विषाणू ओळखला. तो 'सी' ठरला, आणि आज बहुतेक रुग्ण काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात.

१९८० मध्ये मद्य न घेणाऱ्यांच्या मेदयुक्त यकृतदाहासही 'अ-मद्यजन्य' असे नकारार्थीच नाव पडले. २०२३ मध्ये ते टाकून चयापचयातील बिघाडाशी निगडित असे नाव स्वीकारण्यात आले. तथापि तेही संबंधच दर्शविते. मेद साचलेल्या काही यकृतांतच पुढे तंतुमय काठिण्य का येते, हे शोधणे हीच पुढील संशोधनाची दिशा होय.