करंगळी वर करण्याचा हक्क

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला एक खूण पाठ असते. करंगळी वर केली की लघवीला जायचे आहे. दोन बोटे वर केली की परसाकडे. मूल खूण करते आणि गुरुजी मान हलवतात किंवा हलवत नाहीत. तास चालू असताना मुलांना बाहेर सोडावे की नाही, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत आजही निघतो आणि शिस्तीचा प्रश्न म्हणूनच निघतो. एक बाजू म्हणते, सोडले तर वर्गाची धर्मशाळा होते. दुसरी म्हणते, अडवले तर तो छळ होतो. दोन्ही बाजू एक गोष्ट मात्र गृहीत धरतात, ती ही की गुरुजींनी 'जा' म्हटले म्हणजे प्रश्न संपला. आमचा, म्हणजे या देशातील बहिष्कृतांच्या शिक्षणाचा, इतिहास सांगतो की तो तेथे संपत नाही. त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक कबुली देणे मला भाग आहे.

मी जन्मभर प्राथमिक शिक्षक होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या पाचवीच्या वर्गात साठावर मुले होती. एका दुपारी मागच्या रांगेतील एका मुलाने करंगळी वर केली. मी भागाकार शिकवत होतो. "घंटा झाल्यावर," मी म्हणालो. त्याने पुन्हा खूण केली, मी पुन्हा बसवले. थोड्या वेळाने पोरे हसू लागली. त्याच्या बसकणाखालून ओल पसरली होती. मी चिडलो आणि त्यालाच बादली आणून फरशी धुवायला लावले. त्याने ती मुकाट्याने धुतली. तो मांगवाड्यातला मुलगा होता. मी बौद्ध, घरात बाबासाहेबांची तसबीर, ओठांवर समतेची भाषा. दुसऱ्या कोणाच्या मुलाला मी बादली आणायला लावली असती काय? पाटलाच्या मुलाला लावली असती काय? हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर मला आवडले नाही. चार दिवस तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला, पण त्या वर्षी माझ्या तासाला त्याने पुन्हा कधी करंगळी वर केली नाही.

आता इतिहास. तास, घंटा, वेळापत्रक, हजेरीपट ही सारी सामग्री आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी अमलाच्या शाळांबरोबर रुजली. त्याआधी पंतोजीच्या शाळा ओसरीवर किंवा देवळाच्या ओवरीत भरत. तेथे छडी होती, पण मिनिटांचा हिशेब नव्हता. नव्या शाळेने मुलाची तहान, भूक आणि मलमूत्रविसर्जन घंटेला बांधले. वर्गात बसलेल्या मुलांवर हा नवाच जाच होता. परंतु आमची मुले त्या वर्गात होतीच कोठे? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने न्याय त्याच्या बाजूने आहे असे मानले आणि तरीही इतरांच्या रूढीला धक्का लावण्याचे टाळले. बाहेर जाण्याची परवानगी मागायला आधी आत असावे लागते. आत येण्यासाठीच आम्हाला अर्ज करावे लागत होते.

जोतीराव फुल्यांना हे सरकारच्या आधी कळले होते. १८४८ साली मुलींसाठी आणि १८५२ साली महार-मांगांच्या मुलांसाठी त्यांनी पुण्यात शाळा काढल्या. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शाळा आणि पाणी ही दोन कामे चरित्रकार वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात. मला ती एकच वाटतात. ज्या मुलाला तहान लागल्यावर पाणी मिळणार नाही आणि ज्याला लघवीनंतर हात धुवायला थेंब मिळणार नाही, त्याला अक्षरे शिकवून त्याचे माणूसपण कसे राखणार?

या प्रश्नाचा सर्वांत नेमका पुरावा बाबासाहेबांच्या बालपणात आहे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी आपल्या शाळेची हकिकत सांगितली आहे. ते वर्गात कोपऱ्यात वेगळे बसत. बसायला स्वतःचे गोणपाट. शाळेचा नोकर त्याला हात लावीत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. स्पृश्य मुलाला तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरे होई. तो नळावर जाई, तोटी फिरवी आणि पाणी पिई. भीमरावाला मात्र नुसती परवानगी पुरत नसे. तोटी फिरवायला स्पृश्य माणूस हवा आणि तो म्हणजे शाळेचा शिपाई. शिपाई नसला की पाणी नाही.

वाचकहो, हा तपशील आपण शेकडो भाषणांत ऐकला आहे आणि ऐकून डोळे पुसले आहेत. पण त्यातील तर्क आपण शिक्षणाच्या चर्चेत फारसा वापरलेला नाही. एकाच वर्गात, एकाच गुरुजींच्या तोंडून निघालेला 'जा' हा शब्द दोन मुलांसाठी दोन वेगळ्या गोष्टी होता. एका मुलाची गरज त्या शब्दाने भागे. दुसऱ्याला त्या शब्दानंतर नळ हवा होता, नळाला लावायला हात हवा होता आणि त्या हाताची मर्जी हवी होती.

हाच तर्क पुढे महाडला मोठ्या रूपात प्रकटला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परवानगी अशी दोनदा मिळाली. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी आमच्या ओठांना लागले नाही. त्या दिवशी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा हजारोंचा समुदाय पाठीशी होता. आणि त्यानंतर त्या समुदायाने मारही खाल्ला. कागदावरचा 'जा' आणि प्रत्यक्ष जाणे यांत किती अंतर असते, ते महाडने मोजून दाखवले.

पाण्याची गोष्ट आपण सांगतो, संडासाची सांगत नाही. तिची आपल्याला लाज वाटते आणि ती लाजही आपल्यावर लादलेलीच आहे. खेड्यातील शाळेला बहुधा संडास नव्हताच. शाळेमागची भिंत, ओढा, बाभळीचे बन हीच सोय. शहरांत टोपलीचे संडास आले, तेव्हा नगरपालिकांनी मैला वाहण्याची नवी नोकरी जुन्या जातीच्याच हजेरीपटावर चढवली. मुंबईत त्यासाठी मालकांकडून वसूल होणाऱ्या कराचे नावच हलालखोर कर असे होते. म्हणजे 'बाहेर' या शब्दालाही दोन अर्थ राहिले. सवर्ण मुलासाठी बाहेर म्हणजे दोन मिनिटांची मोकळीक. मेहतर, वाल्मीकी, मांग, महार मुलासाठी बाहेर म्हणजे हातात येऊ शकणारा झाडू.

ओमप्रकाश वाल्मीकींनी 'जूठन' (१९९७) या हिंदी आत्मकथेत हे लिहून ठेवले आहे. स्वतंत्र भारतातील शाळा, उत्तर प्रदेशातील गाव. मुख्याध्यापक पोराला वर्गाबाहेर काढतो आणि दिवसामागून दिवस सारी शाळा आणि मैदान झाडायला लावतो. शेवटी बाप ते पाहतो आणि झाडू फेकून देतो. संविधानाचे १७ वे कलम तेव्हाही अमलात होते. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातील एका निवासी शाळेत दलित मुलांना शौचाच्या खड्ड्यात उतरवल्याचे उघड झाले आणि त्या प्रकरणी अटकाही झाल्या. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारे १९९३ आणि २०१३ चे कायदे होते. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला असे काम करायला लावणे २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्पष्ट गुन्हा ठरले होते. मुले तरीही खड्ड्यात उतरली, कारण उतरायला सांगणारे त्यांचे शिक्षकच होते.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. माझ्या त्या शाळेत एक संडास होता आणि त्याला कुलूप होते. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, वापर गुरुजींपुरता. मुलगे भिंतीमागे जात. मुली कोठे जात, हे मी पुष्कळ वर्षे विचारलेच नाही. त्या जातच नसत. सकाळी घरून निघताना पाणी पीत नसत आणि संध्याकाळपर्यंत दम धरत. लघवी तुंबवून ठेवल्याने जळजळ होते, जंतूंचा संसर्ग होतो, हे डॉक्टर सांगतात. आमच्या मुलींना ते अंगावरून ठाऊक होते. पाळी सुरू झाली की काहींची शाळाच सुटे आणि आपण म्हणत असू, पोरीचे लक्ष नव्हते. मुलींसाठी फुल्यांनी शाळा काढली १८४८ साली. शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी असलेच पाहिजे, हे केंद्रीय शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आले २००९ साली. मध्ये १६१ वर्षे गेली. त्यानंतरही सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०१२ मध्ये राज्यांना सहा महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

आता शिक्षकबंधूंचे आक्षेप. ते खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. साठ मुलांचा वर्ग, एकाने करंगळी वर केली की पाच जण करतात. कोणी आवारात भटकतो, कोणी पडतो, आणि जाब शिक्षकाला विचारला जातो. हे सर्व मी भोगले आहे. पण नीट पाहा. साठ मुलांमागे एक शिक्षक, पाच तुकड्यांमागे एक मुतारी आणि शिपाई नाही, ही शासनाची कंजुषी आहे. तिची किंमत आपण मुलाच्या मूत्राशयाकडून वसूल करतो. खोटे बोलून बाहेर जाणारी मुले असतात, मान्य. त्यांच्यापायी खऱ्या निकडीच्या एका मुलाला सगळ्यांपुढे ओले होऊ देणे हा न्याय नव्हे. तास चुकला तर तो पुन्हा घेता येतो. वर्गापुढे झालेली विटंबना परत घेता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. माझ्या मते मुलाला लघवीसाठी अडवून ठेवणे या दोन्हींत बसते.

तेव्हा आपली मागणी 'मुलांना जाऊ द्या' एवढ्यावर थांबता कामा नये. मुलाने खूण करावी आणि जावे. कारण विचारू नये, चिडवू नये. संडासाला कुलूप नको, आतून लागणारी कडी हवी. नळाला पाणी हवे आणि तोटी प्रत्येकाच्या हाताने फिरली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे, सफाईसाठी पगारी माणूस हवा, त्याला साधने हवीत, आणि ती नोकरी कोणा एका जातीची नसावी. सगळी मुले पाळीपाळीने वर्ग झाडतात तेथे श्रमसंस्कार म्हणा. मुलाचे आडनाव पाहून झाडू दिला जातो तेथे त्याला अस्पृश्यताच म्हटले पाहिजे. कार्यकर्त्यांनी गावातील शाळेत जावे, पटसंख्या विचारतात तशी किल्ली कोणाकडे आहे हे विचारावे, आणि गेल्या आठवड्यात संडास कोणी धुतला हेही विचारावे. त्या दोन उत्तरांत त्या शाळेची जात कळते.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. त्याने 'जा' हा शब्द ऐकायला हवा होता, तो मी उच्चारला नाही. उच्चारला असता तरी संडासाला कुलूपच होते. आणि फरशी ओली झाल्यावर बादली उचलायला हवी होती ती मी, कारण चूक माझी होती. हे तीनही हिशेब माझ्याकडे येणे आहेत, आणि या अंकाचे जे वाचक आज वर्गावर उभे आहेत त्यांनी ते आपापल्या शाळेत तपासून पाहावेत, एवढ्यासाठी हे लिहिले.