दोन पाडवे आणि पंधराशे रुपये

एपिसोड ज्यांनी ऐकलाय त्यांच्यासाठी, आणि बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी, हा त्याचा लेखी अवतार. बोलताना राहिलेल्या एक-दोन गोष्टी इथे घातल्यात.

मी पिरंगुटचा. चांदणी चौकातून भूगाव, भुकूम मागे टाकलं की आमचं गाव लागतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या शेड. माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणजे दिवसभर डेटाबेसशी झटापट. त्यामुळे आजची गोष्ट इतिहासाची असली तरी माझ्या डोक्यात ती एका यादीपासून सुरू होते.

तारखा बघा. २५ मार्च २०२०, देशभर लॉकडाऊनचा पहिला दिवस. तो गुढीपाडवा होता. १३ एप्रिल २०२१, दुसरी लाट. रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या दिवशीपासूनचे कडक निर्बंध आणि ५,४७६ कोटी रुपयांचं मदत पॅकेज जाहीर केलं. तोही गुढीपाडवाच! बरोबर एक मराठी वर्ष.

त्या रात्री आमच्या घरात टीव्हीसमोर शेजारच्या मावशी बसल्या होत्या. त्या बावधनच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायच्या. यादी वाचली जात होती. अन्नसुरक्षेतल्या सुमारे ७ कोटी लोकांना महिनाभर माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ मोफत. शिवभोजन थाळी मोफत. संजय गांधी निराधारसारख्या योजनांतल्या ३५ लाख लोकांना १,००० रुपये. खावटी योजनेतून आदिवासी कुटुंबांना २,००० रुपये. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, नोंदणीकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये.

मावशी म्हणाल्या, "घरकामवाल्यांना पण दिले की रे! बघ ना मोबाइलवर, माझे कधी येतील?"

त्यांनी 'घरेलू कामगार' ऐकलं होतं. मी 'नोंदणीकृत' ऐकलं होतं. आजचा सगळा एपिसोड त्या एका शब्दावर आहे.

आता सव्वाशे वर्षं मागे जाऊ. १८९६-९७. मुंबई इलाख्यावर एकदम दोन संकटं आली, दुष्काळ आणि प्लेग. दुष्काळासाठी सरकारकडे 'फॅमिन कोड' होता. कामं कधी काढायची, मजुरी किती, काम न झेपणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना काय द्यायचं, हे त्यात लिहिलेलं होतं. कागदावर होतं, पण होतं. प्लेगसाठी मात्र ४ फेब्रुवारी १८९७ ला घाईने साथरोग कायदा आणला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारचे अधिकार, न ऐकणाऱ्याला शिक्षा, अधिकाऱ्यांना संरक्षण. आजारी माणसाच्या घरात चूल कशी पेटणार, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

पुण्यात त्याचा अर्थ काय झाला, ते शाळेत शिकलोय. रँडची प्लेग कमिटी, सोल्जरांकडून घराघरांची झडती, लोकांना उचलून छावण्यांत नेणं आणि मग २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चापेकरांनी झाडलेली गोळी. माणसाला माणसासारखी मदत मिळत होती ती वेगळ्या ठिकाणी. हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत रुग्णांची सेवा करत होते. त्यातच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

दुष्काळासाठी देणारा नियम आणि साथीसाठी तपासणारा कायदा. ही फूट लक्षात ठेवा. कारण मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच १८९७ चा कायदा.

मधला टप्पा १९७२ चा. आपल्या आजी-आजोबांना विचारा, त्या दुष्काळाचं नाव काढलं की ते खडी फोडण्याबद्दल बोलतात आणि सुकडीबद्दल. मे १९७३ च्या सुमाराला राज्यभर जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्यातूनच रोजगार हमी योजना पक्की झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. इंजिनिअर म्हणून मला या व्यवस्थेचं कौतुक वाटतं. गरजू कोण, हे आधी ठरवायची गरजच नव्हती. मे महिन्याच्या उन्हात जो खडी फोडायला येतो, तो गरजू. त्याचं नाव मस्टरवर चढायचं ते कामावर आल्यावर. आधी माणूस, मग नोंद.

मग २०२० मध्ये तसंच का नाही केलं? कारण साथीत माणसं गोळा करणं हाच धोका होता. पाच हजार लोकांना एका रस्त्याच्या कामावर बोलावता येत नव्हतं. सरकारने माणसापर्यंत जायचं, तर माणूस कुठे आहे हे आधी माहीत हवं. म्हणजे यादी हवी. आणि यादी संकटाच्या आधी झालेली असावी लागते. इथे क्रम उलटला. आधी नोंद, मग माणूस.

आता ही उलटलेली चाळणी पिरंगुटच्या रस्त्यावर लावून बघू.

बांधकाम मजूर. मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जो रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि रोज वेगळ्या ठेकेदाराच्या टेम्पोत चढतो, त्याला ९० दिवसांचा दाखला कोण देणार?

रिक्षा. पैसे परवानाधारकाला. परवाना एकाचा आणि रोज भाडं भरून रिक्षा चालवणारा दुसराच, असं तर सर्रास असतं. धंदा दोघांचाही बुडाला होता.

फेरीवाले. त्यांची नोंदणी महापालिका आणि नगरपालिकांची. आमची ग्रामपंचायत. मुख्य रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणारी भाजीवाली कुठल्या यादीत शोधायची?

आणि मावशी. घरेलू कामगारांसाठी राज्याने २००८ मध्ये कायदा केला, कल्याण मंडळ आहे. मी त्यांची पत्र्याची पेटी उघडून कागद पाहिले. काही वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांचा अर्ज भरून दिला होता, पावतीही निघाली! पण नूतनीकरण राहिलेलं. सरकारी भाषेत चालू नोंदणीला 'जीवित नोंदणी' म्हणतात. मावशी समोर चहा पीत बसलेल्या आणि त्यांची नोंदणी मयत. मी चार दिवस फोन केले, फॉर्म शोधले, ओटीपीची वाट पाहिली. पंधराशे रुपये आले नाहीत.

थांबा. इथे 'सरकारने काहीच केलं नाही' असं म्हणून एपिसोड संपवणं सोपं आहे. पण ते खोटं ठरेल. कारण ज्या ठिकाणी अट सैल होती, तिथे मदत पोचली. १० रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली होती. लॉकडाऊन लागताच ती ५ रुपयांना झाली, २०२१ मध्ये मोफत, आधी महिनाभर आणि पुढे मुदत वाढत गेली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कार्ड विचारलं जात नव्हतं. जो भुकेला आला तो लाभार्थी. म्हणजे १९७२ चंच तत्त्व, फक्त खडी न फोडता. तसंच मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सगळ्या रहिवाशांसाठी खुली केली. केशरी कार्डवाल्यांना ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ दिला. आणि खाजगी रुग्णालयांचे दर बांधले, साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह आयसीयूला ९,०००. अंमलबजावणीत भांडणं झाली, पण हातात दाखवायला एक कागद तरी होता. १८९७ च्या मानाने हा केवढा पल्ला!

मी कोड लिहितो तेव्हा एक अट टाकतो आणि लाखो ओळी गाळल्या जातात. स्क्रीनवर ते स्वच्छ दिसतं. मावशींच्या पेटीतली पावती पाहिल्यापासून मला गाळलेल्या ओळी आठवतात. अट चूक होती असं मी म्हणत नाही. यादी नसती तर पैसे वाटेतच जिरले असते, हेही खरं. पण यादी शांततेच्या काळात भरायची असते आणि तेव्हा तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, ना सरकारचं ना आपलं.

शेवटची गोष्ट पुन्हा १८९६ ची. दुष्काळ पडला तेव्हा टिळक आणि सार्वजनिक सभेच्या लोकांनी काय केलं? फॅमिन कोडमधले हक्क मराठीत छापून गावोगाव पोचवले. सरकारच्याच कागदात तुमच्यासाठी काय लिहिलंय ते वाचा आणि मागा. धान्य वाटण्याइतकंच ते महत्त्वाचं काम होतं.

आपल्या हातात छापखान्यापेक्षा मोठं यंत्र आहे, दिवसाला दीड जीबी डेटासकट. मावशींची नोंदणी आम्ही पुन्हा करून घेतली आणि नूतनीकरणाची तारीख माझ्या फोनमध्ये अलार्म लावून ठेवलीय. तुमच्या घरी येणाऱ्या मावशींना, रिक्षावाल्या काकांना या आठवड्यात एकदा विचारा, तुमची नोंदणी जिवंत आहे ना?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.