सर्जनचं संशोधन कसं तपासायचं? लिव्हर ट्रान्सप्लांटच्या उदाहरणासह

पेणहून नागोठण्याकडे जाताना लागणारं कासू हे माझं गाव. मागच्या वर्षी शेजारच्या तात्यांना यकृत प्रत्यारोपण, म्हणजे लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागेल असं सांगितलं गेलं. त्यांचा मुलगा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. "दादा, या डॉक्टरांचे दोनशे रिसर्च पेपर आहेत म्हणे. म्हणजे चांगलेच असणार ना?" लिव्हरचा भाग तोच देणार होता, त्यामुळे प्रश्न दोघांच्या जिवाचा होता. तेव्हा आम्ही जे शोधलं, ते इथे क्रमाने देतो.

१) पेपर कुठे सापडतात?

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची मोफत वेबसाइट आहे. सर्चमध्ये आधी आडनाव, मग नावाची आद्याक्षरं इंग्रजीत टाकायची. आम्ही टाकली तर तीनशेच्या वर पेपर निघाले! त्यात त्याच नावाचे एक डोळ्यांचे डॉक्टरही होते. म्हणून प्रत्येक पेपरवर लेखकाचं हॉस्पिटल आणि शहर जुळवून बघा. ऑर्किड हा १६ अंकी क्रमांक दिलेला असेल तर काम सोपं होतं, कारण तो प्रत्येक संशोधकाचा वेगळा असतो. एखादा पेपर मागे घेतला गेला असेल, तर पबमेडवर तशी ठळक सूचना दिसते.

२) एच-इंडेक्स म्हणजे काय?

गूगल स्कॉलरवर संशोधकाच्या नावापुढे हा आकडा दिसतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. एच-इंडेक्स २० म्हणजे किमान २० पेपर असे, की प्रत्येकाचा उल्लेख किमान २० वेळा झालाय. पण पेपरवर २५ लेखक असले तरी प्रत्येकाच्या खात्यात तो पूर्ण धरला जातो. शस्त्रक्रिया कोणी केली, हे त्यातून कळत नाही.

३) एक पेपर उघडून बघू

मूळचे मुंबईचे डॉ. डेरियस मिर्झा हे ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमचे लिव्हर सर्जन. त्यांच्या गटाचा 'व्हिट्टल' चाचणीचा पेपर २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. पहिलं नाव हाइनेक मर्गेंटाल यांचं आहे. मिर्झा सहलेखक आहेत.

दात्याचं लिव्हर एरवी बर्फात ठेवून नेतात. तिथे ते चालतंय की नाही, हे कळायला मार्ग नसतो. या चाचणीत सगळ्या केंद्रांनी नाकारलेली ३१ लिव्हर मशीनवर ठेवून त्यांतून शरीराच्या तापमानाचं रक्त फिरवलं. लिव्हर काम करत असेल तर त्या रक्तातलं लॅक्टेट उतरतं. या कसोटीला उतरलेली २२ लिव्हर रुग्णांना बसवली आणि ९० दिवसांनी सगळे २२ जण जिवंत होते.

बहुतेक जण इथेच वाचणं थांबवतात. पुढे लिहिलंय की नंतर ४ जणांच्या पित्तनलिका अरुंद झाल्या आणि त्यांना पुन्हा ट्रान्सप्लांट करावं लागलं. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय, म्हणून पेपर विश्वासाचा वाटतो. कुठलाही पेपर वाचताना तीन गोष्टी बघा: रुग्ण किती, किती दिवस लक्ष ठेवलं, आणि काय बिघडलं.

४) पेपर काय सांगत नाही?

तुमच्या हॉस्पिटलचे निकाल. ते थेट विचारा:

- गेल्या वर्षी इथे किती लिव्हर ट्रान्सप्लांट झाली? त्यात जिवंत दात्याची किती?
- वर्षभरानंतर किती रुग्ण जिवंत आहेत?
- दात्यांपैकी किती जणांना त्रास झाला? दुसरं ऑपरेशन कोणाला लागलं का?
- माझं ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार?

उपचार एखाद्या चाचणीचा भाग आहे असं सांगितलं, तर त्याचा सीटीआरआय क्रमांक मागा. ही भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे. ती इंटरनेटवर कोणालाही बघता येते.

तात्यांच्या मुलाने हे प्रश्न वहीच्या कागदावर लिहून नेले. दात्याचा प्रश्न त्याने सगळ्यात वर लिहिला होता. डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि एकेक उत्तर समजावून सांगितलं. परत आल्यावर तो म्हणाला, "दादा, पेपर किती ते मी विचारलंच नाही."