कागदाचें आयुष्य आणि सक्रियण ऊर्जेचें गणित

कागद १०० अंश सेल्सियसच्या कोरड्या भट्टींत ७२ तास ठेविला असतां त्याला २५ वर्षांचें वार्धक्य येतें, असा संकेत कागदपरीक्षकांत दीर्घकाळ रूढ होता. जुन्या दप्तरांच्या संग्राहकांनीं त्यावर कितपत विसंबावें, हें ठरविण्यासाठीं त्याच्या मुळाशीं असलेल्या शास्त्राचा इतिहास आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

१८५० सालीं लुडविग विल्हेल्मी यानें आम्लयुक्त पाण्यांत उसाच्या साखरेचें विघटन किती वेगानें होतें, तें ध्रुवित प्रकाशाच्या साह्यानें मोजलें. १८८४ सालीं व्हांट हॉफ यानें वेग व तापमान यांचा संबंध सूत्रांत बांधला. पुढें १८८९ सालीं स्वांटे अऱ्हेनियस यानें, त्याच साखरेचा विचार करितांना, त्या संबंधाचा अर्थ लाविला. सर्वच रेणु विक्रियेस पात्र नसतात. विशिष्ट ऊर्जा लाभलेले थोडेच पात्र होतात, व उष्णतेबरोबर त्यांची संख्या झपाट्यानें वाढते. ही पात्रतेची ऊर्जा म्हणजेच सक्रियण ऊर्जा होय.

ती काढण्याची रीत अशी : निरनिराळ्या तापमानांवर वेग मोजावा, वेगाचा नैसर्गिक लॉगॅरिथम उभ्या अक्षावर व निरपेक्ष तापमानाचा व्यस्तांक आडव्या अक्षावर मांडावा. बिंदु सरळ रेषेंत आले, तर तिच्या उताराला, ऋणचिन्ह सोडून, ८.३१४ नें गुणिलें कीं ऊर्जा जूल प्रति मोल या मानांत मिळते. साखरेसाठीं ती सुमारें १०८ किलोजूल येते.

कागदांतील सेल्युलोज ही ग्लुकोजचीच सांखळी असून आम्लामुळें तीहि तशीच तुटते. आतां वरील संकेत तपासूं. ऊर्जा ९० किलोजूल धरिली, तर भट्टींतील ७२ तास म्हणजे २० अंशांवरील सुमारें २२ वर्षें. १०८ धरिली, तर सुमारें ११० वर्षें! एकाच साक्षीदाराचे हे दोन जबाब.

तात्पर्य, एका तापमानावरून कागदाचें आयुष्य ठरविणें हें एकाच प्रतीवरून ग्रंथाचा पाठ ठरविण्यासारखें आहे. किती तापमानांवर व किती आर्द्रतेंत मापन झालें, बिंदु एका रेषेंत आले काय, हें संग्राहकांनीं आधीं विचारावें. मात्र वरीलपैकीं कोणतीहि ऊर्जा घेतली, तरी २० ऐवजीं ३० अंशांवर क्षयाचा वेग तिपटीहून अधिक होतो. यास्तव दप्तरें थंड जागीं ठेवावीं, एवढें निःशंक सांगतां येतें.