सॅलरी स्लिपमधले २०० रुपये आणि फळांचा आलेख

आमच्या आजीसमोर सफरचंदाची पिशवी ठेवली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला : "कोण आजारी आहे रे?" तिच्या लेखी फळं तीन वेळाच घरात येतात. कुणी आजारी पडलं की, उपवास असला की, आणि आंब्याच्या दिवसांत. बाकी वर्षभर फळ म्हणजे चैन. मला मात्र कोपऱ्यावर केळ्यांची गाडी नाही असा रस्ताच आठवत नाही. तिच्या आणि माझ्यामध्ये नक्की काय घडलं, हे शोधायला गेल्या वीकेंडला बसलो. नेहमीप्रमाणे एक्सेल उघडलं.

आधी आकडे. १९९१-९२ साली भारतात फळांचं उत्पादन होतं साधारण २.८६ कोटी टन. २०१२-१३ मध्ये ८.१३ कोटी. आणि २०२२-२३ मध्ये ११ कोटींच्या आसपास. लोकसंख्याही वाढली म्हणाल, तर भागाकार करून बघा. १९९१ मध्ये माणशी दिवसाला ९० ग्रॅमच्या थोडं वर, २०२२-२३ मध्ये २०० ग्रॅमच्या वर. आहारतज्ज्ञ दिवसाला शंभरेक ग्रॅम फळ खा म्हणतात. म्हणजे कागदावर आपण ते कधीच ओलांडलंय. (या वजनात साल, कोय, वाटेत सडलेला माल, रसाच्या कारखान्यात गेलेला माल, सगळं आलं. तरी दिशा स्पष्ट आहे.)

आता ही रेघ अशी वर का गेली? लोकांच्या हातात पैसा आला, मागणी वाढली, हे सोपं उत्तर. ते चूक नाही, पण अपुरं आहे. झाड मागणी आल्यावर लावून भागत नाही. मोसंबीला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. तेवढी वर्षं थांबायची ऐपत कोरडवाहू शेतकऱ्याकडे कुठून येणार? कुणीतरी तो मधला खर्च उचलावा लागतो.

महाराष्ट्रात तो कुणी उचलला हे वाचताना मी चाट पडलो. तुमची सॅलरी स्लिप काढा. कपातीच्या रकान्यात 'प्रोफेशनल टॅक्स २००' दिसेल, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ च्या कायद्याने आला, आणि तो लावला होता रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बिनकामाच्या हाताला मजुरी द्यायची, अशी ती सरळ कल्पना.

ही योजना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोटा प्रयोग केला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि तो प्रयोग राज्यभराची गरज झाला. लाखो लोक खडी फोडत होते, पाझर तलाव आणि नालाबांध खणत होते. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला काम, हा हक्क झाला. जुन्या माणसांशी बोलून बघा, 'दुष्काळी काम' हा शब्द ते कसा उच्चारतात ते.

१९९०-९१ मध्ये या योजनेला फळबागा जोडल्या. तोवर मजुरी मिळायची ती सार्वजनिक कामावर. आता शेतकऱ्याने स्वतःच्या रानात खड्डे खणायचे, कलमं लावायची, आणि मजुरीचा नि कलमांचा खर्च सरकारने द्यायचा. रक्कम तीन वर्षांत, हप्त्याहप्त्याने, झाडं जगली तर. मला यातली शेवटची अट फार आवडली. रस्ता बांधून बिल निघतं, मग पावसात तो वाहून गेला तरी बिल निघालेलंच असतं. इथे झाड जिवंत हवं.

यादीत आंबा, काजू होतेच, पण बोर, सीताफळ, आवळा, डाळिंब अशी कमी पाण्यावर तगणारी झाडंही होती. योजनेआधी राज्यात फळांखाली जेमतेम २.४२ लाख हेक्टर होतं. योजनेखाली पुढे दहा लाखांहून जास्त हेक्टरवर लागवड झाली. देशाच्या आलेखात अर्थात एकट्या महाराष्ट्राचा हात नाही. जळगावकडे ठिबक आणि ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळी आली, आंध्र-गुजरातेत केळी वाढली, २००५-०६ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आलं. पण दुष्काळाच्या मजुरीतून फळबाग उभी करायची, ही कल्पना इथली.

इथवर गोष्ट छान आहे. लेख इथेच संपवणार होतो, पण २०१२-१३ च्या ओळीवर अडकलो.

त्या वर्षी देशात फळं, भाज्या, मसाले वगैरे मिळून बागायती पिकांचं उत्पादन (२६.८८ कोटी टन) धान्याच्या (२५.७१ कोटी टन) पुढे गेलं. नुसत्या फळांचा आकडाही आदल्या वर्षीच्या ७.६४ कोटींवरून ८.१३ वर गेला. आणि त्याच वर्षी मराठवाड्यात मोठा दुष्काळ होता. जालन्यात मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकरने पाणी विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला, आणि ज्यांना जमलं नाही त्यांनी कुऱ्हाड चालवली. ज्वारी गेली तर एक हंगाम जातो. दहा वर्षांची बाग गेली तर मागची दहा वर्षं जातात, आणि पुढची चार-पाच रिकामी.

मी ग्राफ झूम करून पाहिला. २०१२-१३ ला खड्डा सोडाच, साधी चरही नाही. एकीकडे वाळलं, दुसरीकडे पिकलं, बेरीज वरच गेली. आम्ही ऑफिसात सिस्टिमचा ॲव्हरेज बघून 'सगळं ठीक' म्हणतो, तेव्हा कुठलातरी एक सर्व्हर मेलेला असतो, तसंच. फरक एवढाच की मेलेला सर्व्हर बदलता येतो.

देशाचा पुरवठा सुरक्षित झाला तो अनेक ठिकाणी झाडं लावली म्हणून. शेतकऱ्याची बाग मात्र एकाच ठिकाणी असते. १९९० ला बाग लावायची जोखीम आपण सगळ्यांनी मिळून वाटून घेतली, महिन्याला थोडे थोडे करून. बाग जगवायची जोखीम मात्र त्याच्या एकट्याकडेच राहिली. विमा आला, अनुदानं आली, पण वाळलेल्या बागेची दहा वर्षं भरून देईल असं काही मला सापडलं नाही.

असो. स्लिपवरचे ते २०० रुपये मी आजवर 'फुकट गेले' या खात्यात टाकत होतो. आता नाही टाकणार. आजीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बहात्तरला मी पण खडी फोडलीय. तेव्हा कुणी झाडं लाव म्हणालं नाही."

मग तिने सफरचंद ठेवून दिलं आणि केळं घेतलं.